राजा रविवर्मा व त्यांच्या चित्रांचें मोल

मागील वर्षीं नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें एक जुनें चित्र शाळेंत आणलें. वीणा हातीं घेतलेल्या सरस्वतीचें तें चित्र होतें. कागद पिवळा पडलेला, एका बाजूस ओल लागलेली, आणि खालच्या कडेस रविवर्मा छापखान्याचें नांव बारीक अक्षरांत छापलेलें. नागापुरांतील जुन्या घराची डागडुजी चालली असतां तें माळ्यावर सांपडलें होतें. भंगार घेणाऱ्यानें सागवानी चौकट व कांच यांचे दीडशें रुपये मोजले आणि चित्र निरुपयोगी म्हणून परत दिलें. पुढें आठच दिवसांनीं मुलाच्या वडिलांच्या वाचनांत आलें कीं, रविवर्म्यांचें यशोदा व कृष्ण यांचें एक चित्र सन २०२३ मध्यें मुंबईंतील एका लिलावांत सुमारें ३८ कोटि रुपयांस विकलें गेलें. तेव्हां घरांत मोठी खळबळ उडाली, व तें चित्र मास्तरांना दाखविण्यासाठीं मुलाच्या हातीं देण्यांत आलें.

चित्रकार एकच, मग एका चित्रास अडतीस कोटि आणि दुसऱ्यास भंगारवालाही हात लावीत नाहीं, हें कसें? मुलाचा प्रश्न अगदीं रास्त होता, परंतु तासाची घंटा होण्यापूर्वीं त्याचें उत्तर देणें मला साधलें नाहीं. त्या उत्तरासाठीं रविवर्म्यांचें सबंध चरित्रच सांगावें लागतें, व तें येथें यथामति सांगत आहें.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. घराणें सरदारी थाटाचें असून त्रावणकोरच्या राजघराण्याशीं त्याचा शरीरसंबंध होता. आई कवयित्री, वडील संस्कृतज्ञ, व मामा राजराजवर्मा हे चित्रकलेचे शौकीन. लहानपणीं भिंतींवर कोळशानें हत्ती-घोडे काढणाऱ्या या भाच्यास शिक्षा न करितां मामांनीं हातीं कुंचला दिला, व चौदाव्या वर्षीं त्यास तिरुवनंतपुरास महाराज आयिल्यम् तिरुनाळ यांच्या दरबारीं नेलें. तेथें त्याची राहण्याची व शिकण्याची सोय झाली. परंतु ज्या एका गोष्टीची त्यास तळमळ लागली होती, ती मात्र त्यास कोणी शिकवीना.

ती गोष्ट म्हणजे तैलरंग. आपल्याकडील जुने चितारी पाण्यांत कालविलेले रंग वापरीत. तेलांत घोटलेले रंग, ताणून बसविलेलें कापड, छायाप्रकाशानें अंगास येणारी गोलाई, हें सारें यूरोपांतून आलेलें. दरबारीं रामस्वामी नायडू नांवाचे चित्रकार या विद्येचे जाणकार होते, पण त्यांनीं ती या तरुणास देण्याचें नाकारलें. सन १८६८ मध्यें थिओडोर जेन्सन नांवाचा एक यूरोपियन चित्रकार दरबारांत आला. त्यानेंही शिकविण्याचें कबूल केलें नाहीं. आपलें काम चाललें असतां पाहत बसण्याची परवानगी मात्र दिली. रविवर्मा पाहत बसले. रंग कसा कालवितात, कोणता आधीं चढवितात, कोणता वाळूं देतात, हें डोळ्यांनीं टिपून घेऊन, पुष्कळ कापडें खराब करून, त्यांनीं ही कला हस्तगत केली. बाजारांत एखादी वस्तु महाग कां होते याचें पहिलें कारण येथेंच दिसतें. जें काम करणारे हात थोडे, त्या कामास मोल अधिक. आणि ज्यांच्यापाशीं तें काम होतें ते दोघेही हें पुरतें ओळखून होते.

सन १८७० मध्यें कालिकत येथील एका न्यायाधिकाऱ्याच्या कुटुंबाचें चित्र त्यांनीं मोबदला घेऊन काढलें. ही गोष्ट आज आपणांस क्षुल्लक वाटेल, पण त्या काळीं राजकुळाशीं संबंध असलेल्या पुरुषानें चित्र काढून पैसे घेणें हें लोकांना कमीपणाचें वाटे. चितारी म्हणजे दरबारचा वेतनदार चाकर. त्यानें महिन्याचा तनखा घ्यावा व सांगितलेलें काढावें, अशी रीत. रविवर्म्यांनीं चित्रागणिक किंमत घेण्यास आरंभ केला. सन १८७३ मध्यें मद्रासच्या प्रदर्शनांत, केसांत फुलें माळणाऱ्या एका नायर स्त्रीच्या चित्रास राज्यपालांचें सुवर्णपदक मिळालें, व तेंच चित्र त्याच वर्षीं व्हिएन्ना येथील प्रदर्शनांतही वाखाणलें गेलें. पुढें सन १८७६ मध्यें दुष्यंतास पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचें चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनीं विकत घेतलें. गव्हर्नरसाहेबांनीं चित्र घेतलें हें कळतांच संस्थानिकांची दृष्टि बदलली. काल जें चित्र तेंच आजही होतें, त्यावर एक रेघही वाढली नव्हती. तथापि घेणाराचें नांव मोठें असल्यानें त्याच्या कर्त्याचा भाव वाढला. चित्रांच्या बाजारांत ही गोष्ट तेव्हांही चाले व अद्यापही चालते.

सन १८८० मध्यें आयिल्यम् तिरुनाळ महाराज निवर्तले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या महाराजांचें व रविवर्म्यांचें पटलें नाहीं. त्यांना तिरुवनंतपुर सोडावें लागलें, आणि माझ्या मतें हें त्यांचें मोठेंच भाग्य होय, कारण एरव्हीं ते एकाच दरबारचे होऊन राहिले असते. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे पूर्वीं त्रावणकोरचे दिवाण असल्यानें त्यांना ओळखत होते. त्यांच्या द्वारें सन १८८१ मध्यें सयाजीराव महाराजांना अधिकार मिळण्याच्या समारंभाच्या वेळीं रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधु राजवर्मा बडोद्यास आले. हे बंधुही उत्तम चित्रकार होते, व दोघांनीं जन्मभर एकत्र काम केलें. सन १८८८ मध्यें सयाजीरावांनीं आपल्या राजवाड्यासाठीं रामायण, महाभारत व पुराणें यांतील प्रसंगांचीं चौदा चित्रें त्यांच्याकडे सोंपविलीं. मोबदला पन्नास हजार रुपये ठरला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळच्या पन्नास हजारांत मोठमोठे वाडे उभे राहत.

हें काम हातीं घेण्यापूर्वीं दोघे बंधु आगगाडीनें उत्तर हिंदुस्थान फिरले. सीता व दमयंती यांना वेष कोणता द्यावा, हा त्यांच्यापुढें प्रश्न होता. कारण प्रांतोप्रांतीं पोशाख निराळा, आणि सर्व देशास आपली वाटेल अशी नायिका त्यांना हवी होती. शेवटीं त्यांनीं पुष्कळ चित्रांतून पातळ नेसलेली, पदर घेतलेली स्त्री काढली, व तीमध्यें आमच्या महाराष्ट्रांतील नऊवारीचा वांटा फार मोठा आहे. मुंबईस ते नाटकेंही आवडीनें पाहत. त्यांच्या चित्रांतील माणसें रंगभूमीवर उभीं असल्यासारखीं दिसतात, असा जो आक्षेप पुढें आला, तो मला अगदींच खोटा वाटत नाहीं.

सन १८९० मध्यें तीं चौदा चित्रें पुरीं झालीं. बडोद्यास रवाना करण्यापूर्वीं तीं मुंबईस लोकांना पाहण्यासाठीं मांडण्यांत आलीं, तेव्हां पाहणारांची रीघ लागली. जीं दैवतें लोकांनीं देवळांतील दगडांत व पोथ्यांतील रेषांत पाहिलीं होतीं, तीं येथें जिवंत मनुष्यांप्रमाणें अंगावर रेशीम व डोळ्यांत पाणी घेऊन उभीं होतीं. चित्रें राजवाड्यांत गेलीं व त्यांच्या छायाचित्रांच्या प्रती धडाधड खपूं लागल्या. सन १८९३ मध्यें शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत त्यांनीं दहा चित्रें पाठविलीं व तेथें पदकें मिळविलीं. चित्रांसाठीं येणाऱ्या पत्रांची संख्या इतकी वाढली कीं, किळिमानूरसारख्या लहान गांवीं त्यांच्याकरितां टपालकचेरी उघडावी लागली, असें सांगतात.

एवढी मागणी आणि काढणारे हात चार! अशा वेळीं दुसरा कोणी असता तर त्यानें किंमत दुप्पट केली असती. रविवर्म्यांनीं उलट केलें. सर माधवरावांनीं त्यांना पूर्वींच सुचविलें होतें कीं, चित्रांच्या छापील प्रती यूरोपांत काढवून त्या स्वस्तांत विकाव्या. रविवर्म्यांनीं छापखानाच येथें आणण्याचें ठरविलें, व सन १८९४ मध्यें एका मुंबईकर व्यापाऱ्याच्या भागीदारींत जर्मन यंत्रें व जर्मन कारागीर आणून मुंबईस तो सुरू केला. शकुंतलेच्या जन्माचें चित्र तेथें प्रथम छापलें गेलें.

ही छपाई कशी होत असे तें मुलांनीं समजून घेण्याजोगें आहे. जर्मनींतून आणलेल्या एका विशेष जातीच्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईनें चित्र उतरवीत. शिळा ओली केली म्हणजे जेथें तेलकट रेघ आहे तेथेंच शाई धरे, बाकी ठिकाणीं पाणी तिला हाकून देई. प्रत्येक रंगास शिळा वेगळी. एका चित्रास अशा कित्येक शिळा लागत, आणि कागद एकेका शिळेवरून, तसूभरही न सरकतां, जावा लागे. शेवटीं वरून रोगण देऊन त्यास तैलचित्राची चकाकी आणीत. पुण्याच्या चित्रशाळेनें सन १८७८ पासूनच देवादिकांचीं चित्रें छापण्यास आरंभ केला होता; परंतु रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींनीं सर्वांस मागें टाकलें. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडण्याची मनाई होती अशांच्याही झोंपडींत देव आले. कित्येक घरीं बायका त्या चित्रांतील साडीवर खरी जर व टिकल्या शिवून घेत.

धंदा म्हणून मात्र छापखाना त्यांना लाभला नाहीं. मुंबईस प्लेग आला, कामगार पळाले, भागीदारी मोडली, कर्ज झालें. छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें हलविला. कार्ल्याची लेणीं पाहावयास जाणारांनीं तें स्टेशन पाहिलें असेल. तरीही जम बसेना. शेवटीं नव्या शतकाच्या आरंभीं रविवर्म्यांनीं तो आपला जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यास, कित्येक चित्रें छापण्याच्या हक्कासह, विकून टाकला. ज्या चित्रांनीं देश भरून गेला त्यांच्या छपाईचा नफा अशा रीतीनें दुसऱ्याच्या पदरीं पडला. श्लायशरनें ती छपाई वाढवून दिनदर्शिका, कापडाच्या ठाणांवरील चिठ्ठ्या, मालाच्या जाहिराती अशीं कामें घेतलीं. याच छापखान्यांत काम केलेला त्र्यंबकेश्वरचा एक हुन्नरी तरुण पुढें हिंदुस्थानांतील चित्रपटाचा जनक दादासाहेब फाळके म्हणून प्रसिद्धीस आला. छापखाना सन १९७२ मध्यें आगींत जळाला.

सन १९०४ मध्यें सरकारनें रविवर्म्यांस कैसर-ई-हिंद पदक दिलें. पण सन १९०५ च्या आरंभीं बंधु राजवर्मा वारले, व त्यांचा उजवा हातच गेला. मधुमेहानें शरीर पोखरलें होतें. म्हैसूरच्या राजवाड्याचें काम त्यांनीं पुरें केलें, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

चित्रांचें चरित्र मात्र येथें संपत नाहीं. रविवर्म्यांचे डोळे मिटतात न मिटतात तोंच त्यांच्या कीर्तीस ओहोटी लागली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचें वारें सुटलेलें होतें. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांसारख्या विद्वानांनीं असें मत मांडलें कीं, ही कला परक्यांची उसनवारी होय. देवांना तिनें सामान्य माणसें केलें, व त्यांत भारतीय भाव नाहीं. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या नव्या बंगाली शैलीचा बोलबाला झाला. आणि गंमत अशी कीं, ज्या छापील प्रतींनीं रविवर्म्यांचें नांव घरोघर नेलें, त्यांनींच जाणत्यांच्या दृष्टीनें तें उतरविलें. जें चित्र न्हाव्याच्या दुकानांत व वाण्याच्या गादीवर लटकतें, तें श्रीमंतांच्या दिवाणखान्यास शोभत नाहीं, अशी समजूत दृढ झाली. रविवर्मा म्हणजे कॅलेंडर, एवढाच अर्थ पुष्कळ वर्षें राहिला. सन १९७१ मध्यें संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हां कित्येक घराण्यांनीं वाड्यांतील सामान विकावयास काढलें. त्या सामानांत चित्रेंही होतीं.

आतां बाजाराचा कांटा पुन्हां कसा फिरला, तें पाहूं. सन १९७२ मध्यें पुराणवस्तु व कलानिधि यांसंबंधीं कायदा झाला, व सन १९७९ मध्यें त्या कायद्यान्वयें रविवर्म्यांचीं चित्रें राष्ट्राचा कलानिधि ठरलीं. अशीं चित्रें देशांत खरेदी-विक्री करण्यास मोकळीक आहे, परंतु खाजगी मनुष्यास तीं देशाबाहेर नेतां येत नाहींत. एरव्हीं गिऱ्हाईक घटलें म्हणजे भाव पडतो, व परदेशींचें गिऱ्हाईक या कायद्यानें तोडलेंच होतें. पण सन १९९१ नंतर देशांतच मोठे धनिक झाले, आणि सरकारनें कलानिधि म्हटलेली वस्तु आपल्या घरीं असावी असें त्यांतील अनेकांना वाटूं लागलें. सन १९९३ मध्यें दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत रविवर्म्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. अभ्यासकांनीं ग्रंथ लिहिले. ज्यांनीं नांवें ठेविलीं त्यांची पिढी गेली, व नव्या पिढीनें आजीच्या घरची सरस्वती आठवून मूळ चित्राकडे नव्या डोळ्यांनीं पाहिलें.

तशांत मूळ चित्रें मिळणें अत्यंत कठीण. उत्तमोत्तम चित्रें बडोद्याच्या राजसंग्रहालयांत, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत, तिरुवनंतपुरच्या चित्रालयांत आहेत, व तीं विक्रीस निघत नाहींत. वर्षांतून एखाददुसरेंच चांगलें चित्र बाजारांत येतें. लिलावांत भाव चढण्यास शंभर माणसें लागत नाहींत. एकाच चित्रावर मन जडलेलीं दोन माणसें पुरेशीं होतात. सन २०१६ मध्यें चांदण्यांतील राधेच्या चित्रास मुंबईंत वीस कोटींची बोली झाली. सन २०२२ मध्यें द्रौपदीवस्त्रहरणाचें चित्र एकवीस कोटींच्या वर गेलें, आणि पुढच्याच वर्षीं यशोदेस अडतीस कोटि मिळाले. जें चित्र आधींच परदेशीं गेलेलें असतें त्यास वरील बंधन नाहीं. असें एक दमयंतीचें चित्र सन २०१७ मध्यें न्यूयॉर्क येथें पांच ते सात लाख डॉलरांच्या अंदाजावर मांडलें असतां सोळा लाखांच्याही वर गेलें. अशा किंमतींत पुष्कळदां लिलाव करणाऱ्या पेढीची दलालीही मिळविलेली असते, हें वर्तमानपत्र वाचतांना ध्यानीं ठेवावें.

शिवाय घेणारा केवळ चित्र पाहत नाहीं, चित्राची वंशावळ पाहतो. कोणाच्या घरून आलें, पूर्वीं कोणाकडे होतें, जुन्या पत्रांत किंवा यादींत नोंद आहे काय, कापड मागाहून चिकटविलें काय, रंगावर रंग चढविला काय, हें तज्ज्ञ तपासतात. रविवर्म्यांच्या नांवाचीं खोटीं चित्रें फार आहेत. तेंच कापड, तेच रंग, परंतु कर्ता दुसरा आहे असें ठरलें कीं सकाळचे कोटि सायंकाळीं हजारांवर येतात. तेव्हां मोल दिलें जात होतें तें डोळ्यांस दिसणाऱ्या सौंदर्याचें कीं नांवाचें, असा प्रश्न कोणासही पडेल. मला तरी असें दिसतें कीं, अडतीस कोटींत सौंदर्याचा वांटा थोडा असून दुर्मिळता, नांव व चढाओढ यांचा वांटा मोठा आहे. तसाच रविवर्मा म्हणजे कॅलेंडर असें म्हणत त्या काळीं नाकें मुरडणारांच्या मतांतही चित्राकडे पाहण्याचा वांटा थोडाच होता.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या कायद्यानें चित्रकाराचें मूळ चित्र पुन्हां विकलें गेल्यास त्यास अथवा त्याच्या वारसांस किंमतीचा कांहीं अंश मागतां येतो, परंतु लेखनहक्काची मुदत असेपर्यंतच, म्हणजे मरणोत्तर साठ वर्षें. रविवर्म्यांच्या चित्रांची ती मुदत केव्हांच सरली. म्हणून अडतीस कोटींतील पैसुद्धां त्यांच्या वंशजांस त्या नात्यानें जात नाहीं. आणि त्याच कारणानें त्यांची सरस्वती आज कोणीही, कोणासही न विचारतां, वहीच्या वेष्टनावर छापूं शकतो.

त्या मुलास मीं जें सांगितलें तें असें. त्याच्या घरचें चित्र छापील होतें. मूळ चित्र एकच असतें, आणि अशा प्रती हजारोंनीं निघाल्या. त्यामुळें कोटींची आशा धरूं नये. तरीही जुन्या छापखान्याच्या खऱ्या प्रती आतां संग्राहक शोधीत असतात. कागद धड, रंग ताजे, कडा न कापलेल्या व छापखान्याचें नांव शाबूत असेल तर त्यांस हजारांत, जरीकाम केलेलें असल्यास क्वचित् त्याहूनही पुष्कळ अधिक, किंमत येते. ओलीचा डाग असलेल्यास अर्थातच कमी. जुनी मूळची चौकट असली तर चित्राच्या वयाची तेवढी एक साक्ष अधिक मिळते, असेंही मीं सांगितलें, आणि तें ऐकतांच त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशीं बापलेक भंगाराच्या दुकानीं दीडशें रुपये घेऊन गेले. चौकट तेथें होती. परंतु दुकानदारानें तीमध्यें आरसा बसविला होता, व आतां तो तिचे नऊशें रुपये मागत होता.